ब्रेयरचे घोडे: खेळायचे की जपायचे?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला अमेरिकेहून आलेल्या मावशीने ब्रेयर कंपनीचा एक खेळण्यातला घोडा भेट दिला. सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा. आता तिला आणखी हवे आहेत आणि मलाही हवे आहेत. कोणत्या मापाचे घ्यावेत, तिला खेळू द्यावे की खोक्यातच ठेवावेत, पुण्याच्या हवेत ते टिकतील का, पुढे त्यांना किंमत येते का? एका ओळखीच्यांकडे सात जुन्या घोड्यांचा संच विकाऊ आहे. त्यातल्या एकाला व्हिनेगरसारखा वास येतो असे त्यांनी आपणहून सांगितले. संच घ्यावा का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण व्यवहार ठरण्यापूर्वी ते आपल्या हाती पडायला हवे. ज्या घोड्याला व्हिनेगरचा वास येतो तो घेऊ नका, फुकट मिळाला तरी घेऊ नका. उरलेले सहा घेतलेत तर निदान काही महिने ते मुलीच्या घोड्यापासून दूर, वारा खेळत राहील अशा फळीवर ठेवा आणि मधूनमधून प्रत्येकाच्या नाकपुडीजवळ नाक नेऊन वास घ्या. नाकपुडीजवळच घ्यायचा, याला कारण आहे. ब्रेयरचा मोठा घोडा आतून पोकळ असतो, आणि आतली हवा तापून प्रसरण पावली तर अंग फुगू नये म्हणून त्याला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते पुष्कळदा नाकपुडीत किंवा ओठांच्या कोपऱ्यात असते आणि भिंग लावल्याशिवाय सहसा दिसत नाही. आत काही बिघडत असेल तर त्याची पहिली वर्दी तिथूनच मिळते.

बिघडते काय, तर ज्या पदार्थाचा घोडा बनतो तोच. हे मोठे घोडे सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. कापूस किंवा लाकडाचा लगदा यांतल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून हे प्लास्टिक तयार होते, आणि त्याला जी हस्तिदंतासारखी मंद झाक आणि हाताला जाणवणारा भरीवपणा असतो तो साध्या खेळण्याच्या प्लास्टिकला येत नाही. रंगही त्यावर छान धरतो. पण उष्णता आणि दमटपणा यांत हा पदार्थ हळूहळू विघटित होऊ शकतो. त्या वेळी त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला वास देणारे तेच आम्ल, बाहेर पडते, आणि बाहेर पडलेले आम्ल उरलेल्या पदार्थाचे विघटन आणखी वेगाने घडवते. जुन्या चित्रपटांच्या ॲसिटेटच्या फिती जपणाऱ्या संग्रहालयांना हाच विकार छळतो, आणि तेथे त्याला व्हिनेगर सिंड्रोम असेच नाव आहे. ब्रेयरच्या घोड्यांपैकी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही घोड्यांना ही बाधा विशेष दिसते. हौशी मंडळी त्यांना ‘श्रिंकी’ म्हणतात, कारण ते अक्षरशः आक्रसतात. माझ्या संग्रहात असा एक काळा घोडा आला होता. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्याला ठाऊक नसावे. पहिल्या वर्षी त्याच्या पोटाखालच्या जोडरेषेवर चिकट थेंब दिसू लागले, दुसऱ्या वर्षी पाय धनुष्यासारखे वाकले आणि मापून पाहिले तेव्हा तो त्याच साच्यातल्या दुसऱ्या घोड्यापेक्षा खांद्याशी चांगला अर्धा सेंटिमीटर खुजा भरला. यावर इलाज नाही. कोरड्या, थंड, मोकळ्या हवेत ठेवून वेग कमी करता येतो, एवढेच.

हे सारे पहिल्याच परिच्छेदांत सांगितल्याने आपण धास्तावून जाऊ नये. मी गेली चोवीस वर्षे न्यू जर्सीत राहून हे घोडे जमवते, दुरुस्त करते, रंगवते आणि लहान प्रदर्शनांत त्यांचे परीक्षणही करते. माझ्याकडचे १९६० च्या दशकातले कित्येक घोडे आज साठीतही ताठ उभे आहेत.

या घोड्यांचा जन्म एका घड्याळामुळे झाला. शिकागोची ब्रेयर मोल्डिंग कंपनी १९४३ पासून इतरांसाठी प्लास्टिकच्या वस्तू ओतून देत असे. १९५० मध्ये मास्टरक्राफ्टर्स या घड्याळ कंपनीने तिच्याकडून शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळासाठी एक घोडा करून घेतला, आणि त्या कामाच्या मोबदल्यात घोड्याचा साचा ब्रेयरकडे राहिला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला. वूलवर्थच्या दुकानांतून तो सुटा विकला जाऊ लागला, आणि ५७ क्रमांकाचा तो वेस्टर्न हॉर्स पुढच्या सगळ्या कळपाचा मूळपुरुष ठरला. सुरुवातीच्या तीनेक दशकांतले बहुतेक साचे ख्रिस हेस या एकाच शिल्पकाराच्या हातचे आहेत. १९८४ मध्ये ही कंपनी रीव्हज इंटरनॅशनलने घेतली आणि तिचा कारभार न्यू जर्सीत आला. आज घोडे चीनमध्ये बनतात, पण मूळ पद्धत बरीचशी तीच आहे. दोन अर्धी अंगे ओतायची, चिकटवायची, जोडरेषा घासून सपाट करायची, मग फवाऱ्याने रंग द्यायचा आणि डोळे, खूर, कपाळावरचा टिळा यांसारखे बारकावे हाताने भरायचे. त्यामुळेच एकाच क्रमांकाचे दोन घोडे शेजारी ठेवले की एकाचा डोळा जिवंत आणि दुसऱ्याचा निर्विकार दिसतो. दुकानात पाचसहा खोकी समोर असतील तर मुलीला घाई करू देऊ नका. सगळे चेहरे पाहून मगच एक निवडू द्या.

आता मापाचे. मुलीकडे आहे तो बहुधा ट्रॅडिशनल मापाचा, म्हणजे खऱ्या घोड्याच्या एक-नवमांश असावा. खांद्याशी १६० सेंटिमीटर उंच असलेला घोडा या मापात सुमारे १८ सेंटिमीटरचा होतो. त्याखाली एक-द्वादशांशाचे क्लासिक किंवा फ्रीडम माप आहे, आणि १९७५ पासून निघणारे स्टेबलमेट हे तळहातावर मावणारे, १:३२ मापाचे. नऊ वर्षांच्या मुलीला संग्रहाची गोडी लावायची तर मी स्टेबलमेटच सुचवीन. एका मोठ्या घोड्याच्या किमतीत ते पाचसहा येतात, पडले तरी क्वचितच मोडतात, मावशीच्या बॅगेत सहज बसतात, आणि जातींमधले फरक शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. एक अरबी, एक अवजड गाडीओढा, एक शेटलंड तट्टू असे तीन जरी घेतले तरी मान, छाती आणि पुठ्ठा यांची घडण किती वेगळी असते हे तिला कोणी न सांगता कळेल. मोठ्या मापाचा एखादा घोडा वाढदिवसाला यावा. घरात अगदी लहान मूल असेल तर त्याच्या हाती मात्र यातले काहीच देऊ नये. टोकदार कान आणि खोगिराच्या चिमुकल्या बकली त्या वयासाठी नाहीत. त्याच्यासाठी मऊ कापडी घोडा बरा, आणि थोडे मोठे झाल्यावर भारतातल्या खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे श्लाइश या जर्मन कंपनीचे भरीव घोडे. ते कडक हाताळणीही सोसतात.

माप सांभाळायची सवय सुरुवातीपासून लावा. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचा मावळा त्याच्या घोड्याएवढाच असतो आणि ते तिथे शोभतेही, पण या छंदात माप चुकले की सगळा देखावा कोसळतो. नेहमी होणारी चूक म्हणजे बार्बीची बाहुली मोठ्या ब्रेयरवर बसवणे. ती साधारण एक-षष्ठांश मापाची असते, त्यामुळे तिचे पाय घोड्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात. एक-नवमांशाला सुमारे १९ सेंटिमीटरचा स्वार लागतो.

खेळू द्यावे का? जरूर खेळू द्यावे. मी हे मन मोठे करून सांगत नाही, या छंदाचा सारा इतिहासच तसा आहे. जुने घोडे आज दुर्मिळ झाले ते बव्हंशी मुलांनी अंगणात, चिखलात, आंघोळीच्या टबात त्यांच्याशी जीव तोडून खेळल्यामुळे. ज्यांचे कानाचे टोक, खूर आणि शेपटीचा शेंडा यांवरचा रंग शाबूत राहिला असे घोडे थोडे उरले. याच्या नेमके उलटे घडले ते १९६० च्या दशकातल्या शोभेच्या घोड्यांचे. घराच्या सजावटीला म्हणून कंपनीने काही घोडे सोनेरी आणि निळ्या रंगांत काढले. ते कोणाला आवडले नाहीत, फार खपले नाहीत, लवकरच बंद झाले, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी एका मोठ्या घोड्याच्या नव्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. तेव्हा पुढे किंमत कशाला येईल हे आज दुकानात उभे राहून ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ असे खोक्यावर छापलेले असले म्हणजे भाव चढेलच असे नाही, कारण ज्या वस्तू सगळेच जपून ठेवतात त्या पुढेही मुबलक राहतात. मुलीच्या शिक्षणाचे पैसे कृपया यात घालू नका. तिला आवडेल तो घ्या, आणि आपल्याला स्वतःसाठी जपायचा असेल तो वेगळा, वरच्या फळीवर, आपल्या नावाने ठेवा. आई आणि मुलगी यांचे दोन स्वतंत्र कळप असलेली कित्येक घरे मला ठाऊक आहेत आणि तिथे भांडणे कमी होतात.

पैशापेक्षा सुरुवातीला खर्च करावा तो नजरेवर. एखादा घोडा हातात घेतला की मी आधी पाय पाहते. तो दुडकी चालीत दाखवला असेल तर उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय जोडीने उचललेले हवेत; चौखूर उधळलेला असेल तर पायांचा क्रम निराळा असतो. जुन्या साच्यांत येथे पुष्कळ चुका सापडतात. मग गुडघे आणि खुरांवरचा सांधा, मग पायांच्या आतल्या बाजूचे घट्टे, जे चांगला शिल्पकार विसरत नाही. सर्वांत शेवटी रंग. आणि येथे मराठी माणसाला एक आयती देणगी आहे, कारण आपल्या भाषेत घोड्याच्या रंगांची स्वतंत्र, नेमकी नावे आहेत. तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट असलेला कुमाईत, ठळक पांढरे पट्टे असलेला अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गुलाबी कातडीचा शुभ्र नुकरा, आणि राखाडी सब्जा. सब्जा घोडा जन्मतो गडद आणि वयाबरोबर उजळत जातो, पण त्याची कातडी काळीच राहते. म्हणून पूर्ण पांढरा झालेल्या सब्ज्याच्या प्रतिकृतीत नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती काळसर छटा हवी. ती नसून सगळे गुलाबी रंगवले असेल तर तो नुकरा झाला, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. मी मुलांना शिकवते तेव्हा हीच नावे वापरते, आणि न्यू जर्सीत जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी मुलेसुद्धा ‘पंचकल्याणी’ हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाहीत. आपल्याला जमले तर मुलीला खरे घोडे जवळून दाखवा. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते; एका दिवसात जेवढे रंग आणि जेवढ्या घडणी तिथे दिसतात तेवढ्या कोणत्याही कॅटलॉगात नाहीत.

मोठ्यांचा छंद म्हणून पाहिले तर याचे केंद्र प्रदर्शन हे आहे. अमेरिकेत प्रतिकृती घोड्यांची प्रदर्शने खऱ्या अश्वप्रदर्शनांच्या धर्तीवर भरतात. टेबलावर जातवार घोडे मांडले जातात, परीक्षक शांतपणे फेरी मारतो आणि रिबिनी ठेवतो. कारखान्यातल्या मूळ रंगातल्या घोड्यांचा वर्ग वेगळा, रंग किंवा ठेवण बदललेल्या कस्टम घोड्यांचा वेगळा, आणि कलाकारांनी राळेत थोड्या संख्येने ओतलेल्या, म्हणजे रेझिनच्या घोड्यांचा आणखी वेगळा. प्रतिकृती घोड्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या संघटनेच्या मान्यतेने भरणाऱ्या प्रदर्शनांत पहिल्या दोन क्रमांकांच्या घोड्यांना राष्ट्रीय प्रदर्शनाची पात्रता मिळते. माझ्या मते सर्वांत अवघड वर्ग कसरतीचा. त्यात घोड्यावर मापाचे खोगीर, लगाम, तंग आणि रिकिबी चढवून एखादा प्रसंग उभा करायचा असतो, आणि लगामाचा ताण किंवा रिकिबीची लांबी चुकली तरी गुण जातात. खोगीर बनवणारे कारागीर चामडे कागदाएवढे पातळ तासतात. मी स्वतः एका खोगिराला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी दिल्या आहेत आणि तरी त्याची बकल थोडी मोठीच झाली. भारतातून छायाचित्रांच्या स्पर्धेत भाग घेता येतो. खिडकीतला तिरपा सकाळचा उजेड आणि घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरलेला कॅमेरा एवढे साधले तरी अर्धे काम होते. १९९० पासून बहुतेक दर जुलैमध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथील हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट हा कंपनीचा मेळा भरतो. मावशीकडे उन्हाळ्यात जाणे झाले तर मुलीला एकदा तिथे न्यावे, कारण खरे घोडे आणि त्यांच्या प्रतिकृती एकाच आवारात पाहण्याची संधी सहसा मिळत नाही.

आता पुण्याच्या हवेबद्दल. उन्हाळ्याचा कोरडेपणा चालतो, उष्णता चालत नाही. पावसाळ्याचा दमटपणा मात्र कोणत्याच बाजूने चांगला नाही. घोडे घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात ठेवू नयेत, कारण निघालेले आम्ल आतच कोंडते. काचेचे कपाट चालेल, पण दारे आठवड्यातून एकदोनदा उघडावीत आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहाव्यात. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. बंद गाडीत तर घोडा कधीच ठेवू नये. एका जुलैत लेक्सिंग्टनच्या वाटेवर मी जेवायला थांबले आणि तासाभराने परत आले, तेव्हा मागच्या आसनावरच्या घोडीचे पुढचे दोन्ही पाय फाकलेले होते. ते सरळ करता आले: कडक गरम पाण्यात पाय बुडवून, मऊ झाल्यावर हलक्या हाताने वळवून, लगेच गार पाण्यात धरून. घाई केली तर मात्र खुरावरच्या सांध्याशी तडा जातो, म्हणून हे काम मुलीने एकटीने करू नये.

धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी, मळ कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने काढावा. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन या घोड्यांना विषासमान आहे. ते रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवते. डाग घासून काढणारे पांढरे स्पंजही नकोत, ते रंग खरवडतात. पांढरे घोडे कालांतराने पिवळे पडतात. कित्येक संग्राहक त्यांना काही दिवस उजेडाच्या खिडकीत, बाजू बदलत ठेवून पुन्हा उजळवतात. हे साधते, पण आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन यासाठी नको. डिसेंबरातले सकाळचे कोवळे ऊन वापरावे आणि हात लावून अंग तापले नाही ना हे पाहत राहावे. व्हिनाइलची खेळण्यातली खोगिरे घोड्यावर चढवून महिनोन्महिने तशीच ठेवू नयेत, रंगावर वळ उठतात.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की मुलीने ‘यात आपला घोडा कुठे आहे’ असे विचारले. आपला, म्हणजे काठियावाडी, मारवाडी किंवा भीमथडी तट्टू, हव्या त्या मापात आणि रंगात दुकानात सहज मिळेल असे नाही, पण तो घरी करता येतो, आणि कस्टम कामाची याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. रंग उडालेला, पण वास नसलेला एखादा स्वस्त घोडा घ्या. त्या सात जणांच्या संचातही असा एक असेलच. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांची ओळख त्यांच्या कानांत आहे: ते आत वळतात आणि टोकाशी एकमेकांना भिडतात. जुने कान बारीक कानशीने निम्मे कमी करावेत, वर दोन भाग मिसळून वापरायची इपॉक्सी पुट्टी लावून ओल्या बोटाने आणि टूथपिकने वळण द्यावे, रात्रभर सुकू द्यावे आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासावे. त्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात. अंगाच्या छटांसाठी खडूसारखे सुके पेस्टल कुंचल्याने चोळून चढवावेत, प्रत्येक थरावर मॅट वार्निशचा हलका फवारा द्यावा. असे आठदहा थर चढले की कातडीखाली रक्त आहे असे वाटू लागते. घासताना तोंडावर मुखपट्टी हवी आणि फवारा गच्चीत, आपण स्वतः मारावा. रंग कोणता द्यायचा हे तिला ठरवू द्या. पहिल्याच घोड्याला अबलख करायला बहुतेक मुलांना आवडते, कारण पट्ट्यांची कड थोडी हलली तरी ती चूक वाटत नाही.